फिशिंग प्लॅनेट: युनिक मासा गळाला लावायचाय तर

हा मासेमारीचा व्हिडिओ गेम फ्री आहे, स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर मिळतो, सुरुवात टेक्ससच्या लोन स्टार लेकवर होते, पण खरी मजा युनिक माशांच्या मागे लागल्यावरच कळते. गेममध्ये माशांचे आकारानुसार प्रकार आहेत: यंग, कॉमन, ट्रॉफी अन् सगळ्यात वर युनिक, त्याला हुक मोठा लागतो, आमिष बरोबर हवं, वेळ आणि हवामानपण जुळून यावं लागतं. मोठा लार्जमाउथ बास लागला ना की स्क्रीनवर लाइनवरचा (गळाच्या दोरीवरचा) ताण दाखवणारा मीटर लाल होतो, तेव्हा रीलचं फ्रिक्शन (दोरी सुटताना लागणारा ब्रेक) लगेच कमी करायचं नाहीतर लाइन तटकन तुटते, काय धडधडतं राव तेव्हा! ग्राफिक्स एक नंबर, पहाटेचं पाणी तर बघतच बसावं. फक्त मासेमारीचं लायसन्स अन् एका लेकवरून दुसरीकडे जायच्या प्रवासात गेममधले पैसे भराभर संपतात, म्हणून नवीन लोकांनी पुढच्या लेकची घाई करू नका, आधी लोन स्टारवरच हात बसवा.