फरचं बी, फ्रिज आणि कोल्हापूरचा उन्हाळा : 14 महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. 50 बिया, 14 महिने, आज जिवंत रोप 1. उंची माझ्या करंगळीएवढी. पैसे वाया गेले का? माझ्या मते नाही. घरातल्यांचं मत वेगळं आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं तालीसादि चूर्णापायी. लहानपणी खोकला झाला की आई ते मधातून चाटवायची. त्यातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फर नावाच्या सूचिपर्णी झाडाची पानं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. ज्याची पानं एवढी चाटली ते झाड एकदा तरी दारात उगवावं, एवढीच इच्छा.

पहिलं पाकीट ‘ख्रिसमस ट्री सीड्स’ नावानं ऑनलाइन मागवलं. चित्रात फांदीला खाली लोंबणारी फळं होती, तिथंच मला शंका यायला हवी होती. फरचं शंकू फांदीवर मेणबत्तीसारखं ताठ उभं असतं आणि पिकलं की झाडावरच खवल्या-खवल्यांनी सुटतं. खाली अख्खं पडत नाही. पण तेव्हा एवढी अक्कल नव्हती. बी पेरलं, नवव्या दिवशी भराभर उगवलं, मी खूश. तीन महिन्यांनी नीट बघतो तर काड्यांना पेरं! कोकणात समुद्रकाठी असतो तो आपला सुरू. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. सुरू मित्राच्या कळंब्याच्या रानात लावला, तो आता माझ्या छातीला लागतोय.

दुसरं पाकीट दुसरीकडून, नॉर्डमन फरचं. हे मूळ कॉकेशस डोंगरांतलं, युरोपात नाताळला घरात मांडतात त्या झाडांपैकी एक. या वेळी बी बघूनच खात्री पटली : तिकोनी, फिकट तपकिरी, एका बाजूला तुटका पंख. नखानं जरा दाबलं की टर्पेंटाइनसारखा वास बोटाला दिवसभर. पाकिटावर बी कधी गोळा केलं ती तारीख मात्र नव्हती आणि तिथंच मेख आहे. फरचं बी गरम हवेत ठेवलं की लवकर मरतं. 10 बिया ब्लेडनं उभ्या कापून बघितल्या. 4 आतून पोकळ. पाण्यात टाकून तरंगतंय ते फोल हा आपला नेहमीचा हिशेब इथं चालत नाही, चांगलं बीसुद्धा तरंगतं. कापूनच बघावं लागतं.

उरलेल्या 40 बिया 24 तास भिजवल्या, ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून झिपच्या पिशवीत घातल्या आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 6 आठवडे. फ्रीजरमध्ये नाही, ओलं बी गोठून मरेल. कारण सरळ आहे. डोंगरात हे बी शरद ऋतूत गळतं, हिवाळाभर बर्फाखाली ओलं आणि गार पडून राहतं, बर्फ वितळलं की उगवतं. ती थंडी लागल्याशिवाय बरंचसं बी जागंच होत नाही. हे सगळं आईला समजावून सांगितलं. ती पिशवी हलवून म्हणाली, “ओवाच दिसतोय की रं. फ्रिजात घालून कुठं झाडं उगवत्यात व्हय?”

उगवली. नोव्हेंबरअखेर ट्रेमध्ये लावली, तिसऱ्या आठवड्यात पहिलं डोकं वर आलं. हे मात्र बघण्यासारखं आहे. लालसर देठ वाकून वर येतो, डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं, आत पाच-सहा सुया मिटलेल्या. दोन दिवसांनी टोपी पडते आणि सुया छत्रीच्या काड्यांसारख्या पसरतात. टोपी ओढून काढायची घाई करू नका. मी एकदा केली, शेंडाच हातात आला. 40 पैकी 11 उगवली.

मग जानेवारीत रोपं कोलमडायला लागली. मिरचीच्या वाफ्यात होतं तेच : मातीलगत देठ बारीक, काळा होतो आणि रोप आडवं. चूक माझीच. रोज संध्याकाळी प्रेमानं पाणी घालत होतो. 5 गेली. त्यानंतर नुसतं कोकोपीट बंद केलं. निम्मी जाड वाळू आणि आंबा घाटाकडच्या तांबड्या मातीचं मिश्रण वापरलं, कारण याला जरा आम्लधर्मी माती लागते. आपली काळी माती अजिबात नको, पाणी धरून बसते. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी घातली, पाणी वरची माती सुकल्यावरच. मर थांबली.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये. गच्चीवर ठेवायचा प्रश्नच नव्हता. खालच्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीत, कुंडी मोठ्या माठात, मधल्या जागेत ओली वाळू. कोरड्या दुपारी माठ छान गार राहायचा. वळवाचे ढग दाटून हवा दमट झाली की मात्र ही युक्ती पांगळी, कारण पाणी उडत नाही तर गारवा कुठून येणार? 6 ची 2 झाली. पावसाळ्यात पत्र्याखाली हवेशीर ठेवली, तरी जुलैच्या झडीत एक गेलं.

उरलं ते हे. याच्या शेंड्याला ऑगस्टमध्ये तपकिरी कळी बसली आणि तेव्हापासून ती मिटलेलीच आहे. अशा झाडाला ती कळी उघडायला पुन्हा आठवडेच्या आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडं हिवाळ्यातली रात्र 15 अंशांच्या आसपास. आपल्याला स्वेटर लागतो, फरला ती थंडीच वाटत नाही. बी एकदा फ्रिजात ठेवून फसवता येतं, झाडाला दर वर्षी कुठं फसवणार?

त्यामुळं ज्याला नाताळला दारात झाड हवंय त्यानं सरळ नर्सरीत जाऊन अरोकेरिया घ्यावा. आपल्याकडं ख्रिसमस ट्री म्हणून तोच विकतात. प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा आहे, कोल्हापूरची हवा त्याला मानवते. फरचं बी घ्यावं ते फक्त उगवताना बघायचं म्हणून. नॉर्डमनच्या पाकिटाला पाचपैकी तीन तारे, एक कापला पाकिटावर तारीख नव्हती म्हणून, एक पोकळ बियांसाठी. सुरूवाल्याला शून्य, पण सुरूला पाच.

थंड देशांतल्या नर्सऱ्या कळी मिटलेली रोपं शीतगृहात ठेवतात, म्हणून गेल्या आठवड्यात मीही कुंडी फ्रिजात सरकवलीय, दारातल्या ताकाच्या बाटलीशेजारी. आईनं कुंडीवर चिठ्ठी चिकटवलीय : ‘भाजी न्हाई. हात लावू नये.’