नागिणीनंतरची आग आणि ५८,५९८ रुपयांचा गंडा

नागिणीनंतरच्या दुखण्यावर इलाज म्हणून फोनवरून मला जे विकलं त्याचा आकडा आधी सांगते, म्हणजे किरकोळ रकमेसाठी बाई आरडाओरडा करतेय असं कुणी म्हणायला नको. तेल आणि चूर्णाचे ३,४९९ रुपये. मग 'नसशुद्धी कोर्स'चे १८,६००. मग पट्ट्याच्या मशीनचे २६,५००. आणि त्या मशीनची 'परत मिळणारी अनामत' ९,९९९. एकूण ५८,५९८. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

ज्यांना नागीण होऊन गेली आणि नंतरही दुखत राहिलं त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. माझ्या फोडांचा पट्टा डाव्या छातीखालून पाठीपर्यंत गेला होता. फोड सुकले, खपल्या पडल्या, फिकट डाग राहिले. आग मात्र गेली नाही. ब्लाउजची शिवण टेकली की सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारासुद्धा झोंबायचा. कातडी बरी दिसते म्हटल्यावर घरातल्यांच्या लेखी दुखणं संपलेलं. 'आता तर सगळं बरं झालंय की' हे वाक्य ऐकून ऐकून मी सांगायचंच सोडून दिलं.

डॉक्टरांनी गॅबापेन्टिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी लिहून दिली, म्हणाले हळूहळू कमी होईल, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आणखी दोन मिनिटं दिली असती तर? ही गोळी लहान डोसपासून हळूहळू वाढवतात, फरक पडायला काही आठवडे जातात, सुरुवातीला गुंगी आणि चक्कर येते, हे मला त्यांनी सांगायला हवं होतं. पुरळ उठल्यानंतर तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं तर त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात, आणि साठीच्या पुढे हे बऱ्याच जणांना होतं, हेसुद्धा. मला वाटत होतं की जगात हे माझ्या एकटीलाच झालंय. अशा माणसाला कुणीही पकडू शकतं.

फोनवर या दुखण्यावरच्या इलाजाची जाहिरात दिसली, मी नंबर टाकला, तासाभरात फोन आला. पुढचा प्रकार अशा फसवणुकीत नेहमीचाच असतो. माझ्या बाबतीत काय लागू पडलं तेवढं सांगते. त्या माणसाने तीन प्रश्न विचारले. "ताई, वारा लागला तरी झोंबतं का? रात्री जास्त होतं का? मध्येच तीच जागा बधिर पण वाटते का?" मी फोनवर रडले. इतक्या महिन्यांत माझं दुखणं मला शब्दाशब्दाने सांगणारा तो पहिला माणूस होता. हे तीन प्रश्न या आजाराच्या कुठल्याही माहितीत पहिल्या चार ओळींत असतात आणि त्यांचं उत्तर बहुतेक प्रत्येक रुग्ण 'हो'च देतो, हे मला आता कळतंय. तुमची लक्षणं कुणी अचूक सांगितली म्हणून त्याला डॉक्टर समजू नका. नोंदणी क्रमांक मागा. मी मागितला होता, तर 'मॅडम राउंडवर आहेत, पाठवतो' असं उत्तर आलं, आणि तो कधीच आला नाही.

मग तो म्हणाला, "नागिणीचं विष नसांत उतरलंय, इंग्रजी गोळ्या आजपासून बंद." हे ऐकून मी फोन ठेवायला हवा होता, असं आता सगळे मला सुनावतात. पण त्या गोळ्यांनी मला सकाळी उठताना भिंत धरावी लागायची. बंद करा असं कुणीतरी म्हणावं याचीच मी वाट बघत होते. गॅबापेन्टिन किंवा त्याच जातीचं प्रीगाबालिन असं एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने कमी करतात. मी एका दिवसात तोडलं. घाम, झोप नाही, दुखणं दुप्पट. त्याला फोन केला तर म्हणतो, "विष बाहेर पडतंय, हीच खूण आहे." बरं वाटलं तर औषधाचा गुण, वाईट वाटलं तर तोही औषधाचाच गुण. हे उत्तर ज्याच्या तोंडून येईल त्याचा नंबर त्याच क्षणी ब्लॉक करा.

मग फोटो. 'नस तपासणी'साठी डागांचे फोटो मागितले. डाग छातीखाली आहेत, तेव्हा कसले फोटो गेले असतील ते समजून घ्या. संध्याकाळी रंगीत रिपोर्ट आला, एल-३ नस ७८ टक्के ब्लॉक. त्यावर १८,६०० भरले. नंतर ज्या वेदनातज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले त्यांनी तो कागद बघितला आणि सांगितलं की एल-३ ही कमरेतली नस, ती मांडीकडे जाते. छातीच्या पट्ट्याशी तिचा संबंध नाही. आणि नसेची तपासणी फोटोवरून होतच नाही, त्यासाठी इलेक्ट्रोड लावावे लागतात. चोरांनी छाती आणि मांडी यातला फरक बघायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते.

पण माझा सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो त्या बाटलीमुळे. दुसऱ्या खेपेच्या तेलाच्या बाटलीचं लेबल तेलाने भिजून एका कोपऱ्यात सुटलं होतं. मी नखाने जरा खरवडलं. खाली दुसरं लेबल. हिरवं, त्यावर मोकळे लांब केस सोडलेली बाई आणि 'केसगळती' हा शब्द. स्वयंपाकघरात उजेडाकडे बाटली धरून मी ते स्पष्ट वाचलं. वरच्या लेबलवर बॅच नंबरपुढे काहीच छापलेलं नव्हतं, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. तोपर्यंत माझे २२,०९९ गेले होते. तिथे थांबले असते तर ३६,४९९ वाचले असते. मी फोन केला, तो हसून म्हणाला, "ताई, बाटल्यांचा तुटवडा आहे, रिकाम्या बाटल्या वापरल्यात, आत औषध तेच." आणि मी मान डोलावली. का? कारण तोपर्यंत मी घरात सांगून बसले होते की मला गुण येतोय. कारण आदल्या रात्री चूर्णाने खरंच झोप लागली होती. त्या चूर्णाने माझा चेहरा सुजला आणि साखर वाढली ते नंतरचं. त्यात स्टेरॉइड असावं असा डॉक्टरांना संशय आहे. असल्या चूर्णांत ते मिसळतात. मधुमेह असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

मशीन म्हणजे थरथरणारा पट्टा. जिथे सुती कापड सहन होत नाही तिथे थरथर! लावला आणि किंचाळले. डॉक्टर काही रुग्णांना टेन्स नावाचं यंत्र सुचवतात, ते वेगळं, त्यात विजेचे सौम्य झटके असतात आणि ते कसं, कुठे लावायचं हे शिकवतात. पैसे परत मागितले तेव्हा त्याचा आवाज बदलला. "तुमचे फोटो आमच्या फाइलमध्ये आहेत, विचार करून तक्रार करा."

मी विचार केला आणि तक्रार केली. आता तिथली गंमत नव्हे, विटंबना ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" हो, मीच पाठवले, फसवून घेतले म्हणूनच आलेय ना इथे! दुसरा प्रश्न, "फोटो दाखवा." समोर बाकावर चार अनोळखी पुरुष बसलेले. महिला कर्मचारी बोलवा म्हटलं तर म्हणे आज नाहीत. सायबर विभागाकडे जा म्हणाले. सायबर विभाग म्हणाला आधी ठाण्याची पोच आणा. ठाणं म्हणालं पोच सायबरकडून मिळेल. बँकेत गेले तर मॅनेजर म्हणतो, व्यवहार तुमच्याच पिनने झाला, आमच्या हिशेबी ही फसवणूक नाही. समोरचं खातं निदान गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं उत्तर आणा. औषधांच्या खात्यात बाटली नेली, दोन्ही लेबलं दाखवली, तर बाटली फोडलेली आहे, नमुना म्हणून चालत नाही, सीलबंद आणा. म्हणजे त्या चोराकडून अजून एक बाटली विकत घेऊ? तेही विचारलं. साहेबांनी खांदे उडवले. एका टेबलावर एक तरुण कारकून हळूच म्हणाला, "काकू, एकट्याच्या तक्रारीवर काही होत नाही, दहा जण आले की फाइल हलते." त्या सगळ्या इमारतींमध्ये मला मिळालेलं एकमेव खरं उत्तर तेवढंच. एवढ्या वयाच्या, दुखण्याने वाकलेल्या बाईला जिने चढायला लावताना कुणालाही काही वाटलं नाही.

पैसे गेले की त्याच तासात बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. पैसे पुढे सरकले की कुणी हात लावत नाही. मी कित्येक आठवडे लाजेने गप्प बसले, ते त्यांच्या पथ्यावर पडलं. आणि फोटोच्या धमकीला घाबरून आणखी पैसे देऊ नका. मी दिले नाहीत, आणि आजपर्यंत काही झालेलं नाही.

दुखण्याचं म्हणाल, तर वेदनातज्ज्ञांनी मला अर्धा तास ऐकून घेतलं. गॅबापेन्टिन पुन्हा लहान डोसपासून सुरू केलं, रात्री थोडं नॉरट्रिप्टिलीन, तेही नसांच्या दुखण्यावर देतात, आणि लिडोकेनचा, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचा, चिकटवायचा पट्टा. तो चोवीस तासांत बारा तासच लावायचा, तोही जखम नसलेल्या कातडीवर. साध्या पॅरासिटामॉलने या दुखण्याला फारसा फरक पडत नाही, उगाच पानंच्या पानं संपवू नका. आग पूर्ण गेलेली नाही. पण ब्लाउज घालता येतो, झोप लागते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "पूर्ण बरं करतो असं मी सांगणार नाही." असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवा. यजमानांना नागिणीच्या लशीचे दोन डोस दिले. ती पन्नाशीपुढच्यांना देतात, पण आधीच सुरू झालेलं हे दुखणं तिने बरं होत नाही, तेव्हा कुणी 'उपचाराची लस' म्हणून विकत असेल तर घेऊ नका. आणि कुणाला अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड उठले तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, विषाणूवरच्या गोळ्या तेव्हाच सर्वांत चांगल्या लागू पडतात.

कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही, ते नाव बदलत राहतात. ज्या कुणाकडे दुहेरी लेबलची तेलाची बाटली, एल-३ चा रंगीत रिपोर्ट किंवा तो थरथरणारा पट्टा असेल, त्यांनी काहीही फेकू नका. खोका, पावती, कुरियरची चिठ्ठी, कॉल रेकॉर्ड सगळं ठेवा आणि लाज बाजूला ठेवून तक्रार नोंदवा. माझी फाइल त्या टेबलावर एकटीच पडून आहे.