पॅराकॉर्डची सुई घेताना टोक नंतर बघा, आधी मागचं तोंड बघा

पॅराकॉर्ड (पॅराशूटच्या दोरीसारखी नायलॉनची दोरी, आत धागे आणि वरून विणलेलं आवरण) विणायच्या सुया म्हणून जे जे विकतात त्यातले बरेच प्रकार वापरून झालेत, त्यामुळे हा रिव्ह्यू एकाच सेटचा नाहीये. मुख्य बोलणार ते आट्यांच्या पोकळ स्टीलच्या सुयांबद्दल, पण बाकीच्या बाजूला ठेवून बघितल्याशिवाय यांचं मोल कळत नाही म्हणून त्यांचंही थोडं येईल.

या सुईला नेढं नसतं. मागून पोकळ, आतून नटासारखे आटे, आणि दोरीचं टोक लायटरने वितळवून त्यात पिळून बसवायचं. साध्या नेढ्यातून दोरी ओवली की ती दुमडते, म्हणजे ४ मिमीची दोरी तिथे ८ मिमी होते आणि घट्ट विणीतून ती ओढणं जवळपास अशक्य. आट्यांच्या सुईत दोरी सरळ सुईच्या मागे येते, दुमड नाही, फुगवटा नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी ही घ्यायची.

आता निवडायची कशी. पॅराकॉर्डवर लिहिलेला ५५० हा आकडा पौंडांत ताकद सांगतो (साधारण २५० किलो), जाडी नाही, त्यामुळे सुई मिमी बघून घ्या. ५५० म्हणजे साधारण ४ मिमी, २७५ वाली साधारण २.४ मिमी, मायक्रोकॉर्ड १.२ मिमीच्या आसपास. प्रत्येक जाडीला सुई वेगळी. सगळ्यांना चालते असं लिहिलेली सुई दिसली तर सरळ पुढे जा, मोठ्या तोंडात बारीक दोरी धरतच नाही. आणि बाहेरून सुई दोरीपेक्षा थोडीशीच जाड हवी, उगाच जाड भिंतीची असेल तर टर्क्स हेडसारख्या (एकच दोरी फेऱ्या मारून गोल विणलेल्या) गाठीत तिसऱ्या फेरीला घुसत नाही.

तोंडाची कड बोटाने फिरवून बघा. नीट पॉलिश केलेली नसेल तर तिथे बारीक कुसळ राहतं आणि ते दर वेळी आधीच्या विणीचे तंतू उचकटतं. ब्रेसलेट पूर्ण झाल्यावर मधेच केसाळ पट्टा दिसतो ना, बऱ्याचदा तो दोरीचा दोष नसतो, सुईचा असतो. बारीक पॉलिश पेपरने कड गोल करून घेतली की काम भागतं, पण नवीन सुईला हे का करावं लागावं असं मला दर वेळी वाटतं.

टोक बोथटच हवं. टोकदार सुई आवरणात घुसते आणि दोरी दोरीतच शिवली जाते, मग गाठ आवळताना ती जागची हलत नाही आणि तेवढा भाग उसवावा लागतो. बोथट टोक दोन दोऱ्यांच्या मधून बाजूने सरकतं.

लांबीचं म्हणाल तर ७-८ सेंमीची एक असली की बहुतेक कामं होतात. कोब्रा विणीच्या (ब्रेसलेटची नेहमीची चपटी वीण) मागून दोन-तीन पेरांखालून टोक परत न्यायला लांब सुई मस्त, पण मंकी फिस्टमध्ये (चेंडूसारखी गोल गाठ) आत गोळी असते आणि सुईला वळायला जागा नसते, तिथे आखूडच लागते. दोन लांबींचा सेट मिळत असेल तर तोच घ्या.

दोरी बसवणं हा खरा कौशल्याचा भाग आणि पाकिटावर याबद्दल जेमतेम एक ओळ असते. आतले पांढरे धागे (चांगल्या ५५० मध्ये ७ तरी असतात) सेंटीमीटरभर बाहेर ओढून कापायचे, मग आवरण पुढे सरकवायचं म्हणजे टोक पोकळ आणि बारीक होतं, ते किंचित तिरकं कापून ज्योतीच्या कडेला धरायचं, ज्योतीत नाही, ज्योतीत काळं पडतं आणि ठिसूळ होतं. वितळलेलं नायलॉन चटकन बोटांनी वळू नका, चिकटून भाजतं, सुईच्याच दांड्यावर फिरवून निमुळतं करा. गार झालं की घड्याळाच्या दिशेने पिळत आत घालायचं, आटे धरल्याचं हाताला कळतं. काढताना उलट पिळा, ओढू नका. नुसतं ओढलं की वितळलेला तुकडा आत राहतो आणि पुढची दोरी धरत नाही, मग टाचणीने कोरत बसा.

तक्रार आहेच. जोर लावला की सुटते. दोरी २५० किलो पेलते म्हणून तिचं आट्यांत अडकलेलं टोक तेवढं पेलेल असं नाही. त्यामुळे घट्ट जागी सुई पलीकडून थोडी बाहेर आली की कापड गुंडाळून पकडीने ओढा, आणि दोरी मागून सरकवत द्या. अॅल्युमिनियमच्या सुया हलक्या आणि रंगीत छान दिसतात पण त्यांचे आटे लवकर झिजतात, मी स्टील किंवा पितळच घेईन.

बाकीच्यांत, चामड्याच्या कामाची दोन दातांची चपटी सुई आतले धागे काढलेल्या चपट्या दोरीला फार सुंदर चालते, भरलेल्या दोरीला अजिबात नाही. लोकरीची प्लास्टिकची सुई मायक्रोकॉर्डला ठीक, वाकते पण ठीक. आणि वाकड्या तोंडाचा फोर्सेप (डॉक्टरी चिमटा), तो सुई नाहीच, पण पलीकडून टोक पकडून ओढायला त्याच्याइतकं काही नाही. खरं तर अर्धी कामं तोच करतो.

तुम्ही फक्त बकलवाली साधी कोब्रा ब्रेसलेटं करत असाल, टोकं कापून वितळवून चिकटवत असाल, तर यातलं काही घेऊ नका, लायटर आणि चांगली कात्री बास. हँडल गुंडाळणं, टर्क्स हेड, कुत्र्याचा पट्टा असलं काही सुरू केलंत की मग ५५० ची एक सुई घ्या, मायक्रोकॉर्डची त्या दोरीचं काम हातात येईल तेव्हा.