कोलंबसचे स्टिकर आणि इंग्लिश आटे: एका जुन्या स्टील फ्रेमचे परीक्षण

लंडनमधील जुन्या सायकलींच्या एका दुकानाने ‘१९७०च्या दशकातील इटालियन फ्रेम, कोलंबस एसएल नळ्या’ (कोलंबस ही पोलादी नळ्या बनवणारी इटालियन कंपनी, एसएल हा तिच्या नळ्यांचा एक हलका प्रकार) असे सांगून विकलेली ही हातबांधणीची फ्रेम चालवायला अतिशय सुरेख आहे. तिचे वर्णन मात्र तपासणीत टिकत नाही.

रंग नवा आहे, त्यामुळे त्यावरच्या कोलंबसच्या स्टिकरला पुरावा मानण्यात अर्थ नाही. मागच्या ड्रॉपआउटवर, म्हणजे चाकाचा आस अडकवण्याच्या खाचेच्या तुकड्यावर, कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीचा ठसा आहे, पण हे ड्रॉपआउट ब्रिटिश कारागीरही सर्रास वापरत. खरी माहिती बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस धरणाऱ्या भागाच्या) शेलमधून, म्हणजे तो ज्यात आट्यांनी बसतो त्या फ्रेमच्या आडव्या नळकांड्यातून, मिळते. इटालियन शेल सामान्यतः ७० मि.मी. रुंद असते, आट्यांचा व्यास ३६ मि.मी. असतो आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात. येथे रुंदी ६८ मि.मी. भरली आणि चेनकडच्या बाजूचे आटे उलटे निघाले, म्हणजे सरळसरळ इंग्लिश पद्धत. निर्यातीसाठी काही इटालियन कारागीरही असे आटे पाडत, म्हणून एवढ्यावरच निकाल देणे घाईचे ठरले असते.

चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) काढल्यावर शंका बरीच फिटली. कोलंबस एसएलच्या स्टिअरर नळीत (चिमट्याच्या, फ्रेममधून वर हँडलकडे जाणाऱ्या नळीत) खालच्या टोकाला आतून पिळदार उंचवटे असतात. या नळीचा आतला भाग पूर्ण गुळगुळीत आहे. चिमटा बदललेला असेल म्हणावे, तर स्टिअररवर ठोकलेला क्रमांक आणि शेलखालचा क्रमांक एकच आहे. सीटपोस्ट २७.२ मि.मी.चा बसतो, यावरून सीट ट्यूब पातळ आणि चांगल्या प्रतीची असल्याचे कळते, पण हे माप एसएललाही लागू पडते आणि १९३५ साली बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने आणलेल्या ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या दुहेरी बटेड (दोन्ही टोकांना जाड, मध्ये पातळ) नळ्यांनाही. त्यामुळे ही फ्रेम बहुधा ब्रिटिश आहे असे म्हणता येते. ती ५३१ची आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

कारागिरीबद्दल मात्र दुमत नाही. लगांच्या (नळ्यांचे सांधे जोडणाऱ्या धातूच्या खोबणींच्या) कडा कानशीने टोकाकडे पातळ करत नेल्या आहेत, आणि शेलच्या पोटात डोकावले असता नळ्यांची तोंडे एकमेकींना नेमकी भिडतील अशी कापलेली दिसतात. मागच्या चाकासाठीचे अंतर १२६ मि.मी. असल्याने सहा किंवा सात गिअरचे जुने चाक विनासायास बसते.

मोजलेल्या किमतीचे या फ्रेमने चीज केले. तरीही वर्णनात शेलची रुंदी, आट्यांचा प्रकार, सीटपोस्टचे माप आणि क्रमांकाचे छायाचित्र दुकानाने द्यायलाच हवे होते. इटालियन समजून ३६ मि.मी.चा बॉटम ब्रॅकेट आधीच मागवणाऱ्या ग्राहकाचे पैसे त्यात वाया जातात.