पाठदुखीसाठी पोटावरचा हात की पाठीचा व्यायाम?

मूत्रपिंड, स्वादुपिंड, गर्भाशय यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर पोचतात, तिथेच पाठीच्या नसाही येतात. म्हणून बिघाड पोटात आणि कळ पाठीत, असं खरोखर होतं.

फ्रान्सचे ऑस्टिओपॅथ (हातांनी उपचार करणारे) झाँ-पिएर बारल यांनी रुजवलेली व्हिसरल ऑस्टिओपॅथी, म्हणजे पोटातल्या अवयवांवरचा हाताचा उपचार, या दुव्यावर भर देते. रुग्ण उताणा, गुडघे दुमडलेले. ऑस्टिओपॅथ तळहात पोटावर टेकवून श्वासाच्या लयीत हलका दाब देतो. स्नायू सैलावतात, बरं वाटतं. पण ‘अडकलेला’ अवयव मोकळा केल्याने पाठदुखी जाते, याला भक्कम पुरावा नाही.

फिजिओथेरपीत मेहनत रुग्णाची. तसंच उताणं झोपून कंबर उचला, 5 सेकंद धरा, असं 10 वेळा. बहुतेकांचं चुकतं ते इथे: श्वास रोखून कंबरेची कमान करतात, मग भार नितंबांऐवजी कंबरेवर येतो. उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवतात. आम्हीही व्यायामालाच कौल देऊ.

मात्र दोन्हींआधी दुखणं ओळखा. वाकल्या-वळल्याने कमी-जास्त होणारं दुखणं बहुधा स्नायूंचं किंवा मणक्यांचं. मुतखड्याचा रुग्ण तळमळतो, कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही, कळ जांघेत उतरते. स्वादुपिंडाची कळ पुढे वाकून बसलं की थोडी हलकी होते. ताप, लघवीत रक्त, लघवी तुंबणं, किंवा साठीनंतर अचानक उठलेली पोट-पाठीची तीव्र कळ असेल (महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली असू शकते), तर पोटाला कुणालाही हात लावू देऊ नका. थेट रुग्णालय गाठा.