खऱ्या इतिहासाने घातलेली टोपी

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधील जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या एका बाजारात, मी २,४०० पौंड मोजून तेलाच्या दाबाचा एक मीटर विकत घेतला. तो बेंटले कंपनीच्या 'ओल्ड नंबर वन' या शर्यतीच्या गाडीवर बसवलेला होता, असे विक्रेत्याने मला सांगितले होते. तो त्या गाडीचा नव्हता. पिंपरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी नऊ वर्षे काढलेली असल्यामुळे ही कबुली देताना मला संकोच वाटतो, परंतु ज्या पद्धतीने मी फसलो त्या पद्धतीने आणखी कोणी फसू नये म्हणून सर्व हकिकत लिहीत आहे.

त्या माणसाने मला गाडीविषयी एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, आणि हीच त्याच्या धंद्याची खुबी होती. ही सहा सिलिंडरची, साडेसहा लिटर क्षमतेची 'स्पीड सिक्स' गाडी लंडनच्या क्रिकलवूड भागातील बेंटलेच्या कारखान्याने स्वतःच्या संघासाठी तयार केली. १९२९च्या मे महिन्यात इंग्लंडमधील ब्रुकलँड्स ट्रॅकवर तिच्या पहिल्याच शर्यतीत डायनामोच्या बिघाडामुळे ती बाद झाली. पण जूनमध्ये वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि तिच्यामागून पहिल्या चार क्रमांकांत आणखी तीन बेंटले आल्या. पुढच्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तीच शर्यत त्याच गाडीवर पुन्हा जिंकली. त्यानंतर बेंटलेने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि १९३१ साली आर्थिक संकटात सापडलेली ती कंपनी रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली, तरी गाडी मात्र धावतच राहिली. त्याच वर्षी जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिच्यावर ब्रुकलँड्सची ५०० मैलांची शर्यत ताशी सुमारे ११८ मैलांच्या सरासरीने जिंकली. १९३२ मध्ये तिला आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले, आणि त्या वर्षीच्या ५०० मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी चालवत असताना ती कलत्या काँक्रीट ट्रॅकच्या माथ्यावरून पलीकडे कोसळली. क्लाइव्ह जागीच गेला. त्यानंतर तिची रस्त्यावर चालवायची गाडी करण्यात आली.

हे सारे त्या विक्रेत्याने टेबलावर कोपरे टेकवून, एकदाही कागदाकडे न पाहता सांगितले. मग त्याने खरी फिरकी टाकली. १९९० मध्ये या गाडीचा सौदा सुमारे एक कोटी पौंडांना ठरला होता आणि खरेदीदार कंपनीने 'ही मूळ गाडीच नव्हे' असे म्हणून पाऊल मागे घेतल्यावर प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले होते. न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर असे आले की, १९३०च्या गाडीतील गिअरबॉक्सचे कवच, स्टिअरिंगचा दांडा, पेडलचा दांडा असे मोजकेच भाग उरलेले आहेत. तरीही गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली, मध्येच नाहीशी होऊन पुन्हा कोणी उभी केलेली नाही, म्हणून हीच अस्सल 'ओल्ड नंबर वन' होय, असा निकाल त्यांनी दिला. हे सांगून तो माणूस हळूच म्हणाला, "मग काढलेले भाग गेले कुठे?"

आणि त्याने फडक्यातून मीटर काढला. पांढरी, जराशी पिवळसर तबकडी, काळ्या पडलेल्या पितळेचे ब्रॅकेट, आणि सोबत एका मेकॅनिकचे टंकलिखित पत्र. पत्रात लिहिले होते की, १९३२ मध्ये इंजिन बदलताना हा मीटर काढला, तो आपण ठेवून घेतला, ब्रॅकेट क्रिकलवूडच्याच वर्कशॉपमध्ये बनलेले आहे, आणि ल मान्सच्या दोन्ही विजयांत बॉनेटवरील १ या आकड्यामागे याच मीटरचा काटा स्थिर उभा होता.

मी लगेच पैसे दिले नाहीत. घरी येऊन दोन आठवडे वर्षे, चालकांची नावे, शर्यती आणि निकालपत्र तपासले. प्रत्येक गोष्ट जुळत गेली आणि प्रत्येक जुळणाऱ्या गोष्टीबरोबर माझा त्या माणसावरील विश्वास वाढत गेला. वास्तविक मी गाडी तपासत होतो, आणि विकत घेणार होतो मीटर. त्या दोहोंना जोडणारा धागा म्हणजे ते एकच पत्र होते, आणि नेमके तेच मी कोणाला दाखवले नाही.

बँकेतून पैसे पाठवले, मीटर घरी आला. पावती पाहून पत्नी म्हणाली, "अहो, यावर गाडीचं नाव कुठे आहे?" पावतीवर इतकेच होते: एक जुना मीटर, ब्रॅकेटसह, आहे त्या स्थितीत विकला. कोणीही अशी वस्तू घेताना ती कोणत्या गाडीची आहे हा दावा विक्रेत्याच्या सहीने पावतीवरच लिहून घ्यावा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरावे. मी तिला म्हणालो की, जुन्या वस्तूंच्या व्यवहारात असेच असते.

ब्रॅकेट साफ करताना मी त्याचा बोल्ट सोडवला. आट्यांमधले अंतर मोजणारा पिच गेज लावला तर एक मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे आणि इंचाला २६ असे इंची आटे हे दोन्ही जवळजवळ सारखेच बसतात, म्हणून जाडी मोजायला व्हर्नियर घेतला. पाव इंची, आमच्या वर्कशॉपच्या भाषेत दोन सुती, बोल्ट ६.३ मिलिमीटरच्या आसपास भरायला हवा होता, हा ५.९ भरला. म्हणजे तो सहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट होता. मधल्या नव्वद वर्षांत कोणी तरी बोल्ट बदलला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण शेजाऱ्याच्या डब्यातला खरा जुना दोन सुती बोल्ट ब्रॅकेटच्या भोकात एक आटाही शिरेना. बोल्ट बदलता येतो. अख्ख्या पितळेत टॅप मारून पाडलेले आटे कोण बदलणार? इंची आट्यांवर चालणाऱ्या १९३० पूर्वीच्या क्रिकलवूडमध्ये हे ब्रॅकेट बनलेले नव्हते.

त्यानंतर पत्र पुन्हा वाचले तेव्हा जे दोन आठवडे डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते ते दिसले. १९२९ च्या ल मान्समध्ये गाडीवर १ हा क्रमांक होता, त्यावरूनच तिचे नाव पडले. १९३० च्या विजयात मात्र तिच्यावर ४ हा क्रमांक होता. गाडीच्या नावातच 'वन' असल्यामुळे दोन्ही वेळा १ असणार, असे पत्र बनवणाऱ्याने गृहीत धरले, आणि वाचणाऱ्यानेही.

विक्रेत्याचा फोन बंद होता आणि दिलेल्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत आले. बँकेने पावती पाहून सांगितले की, तुम्हाला जुना मीटर ब्रॅकेटसह मिळालेला आहे, तेव्हा हा ग्राहक आणि विक्रेता यांच्यातील वाद ठरतो. पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे आणि तिचा क्रमांक माझ्याकडे आहे. दावा लावायला हरकत नाही, पण तो कोणावर लावायचा?

गेल्या महिन्यात एका परिचिताने मला दोन छायाचित्रे पाठवली. त्याच गाडीचा म्हणून एक अ‍ॅमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणारा मीटर, त्याला देऊ केला होता, सोबत तसेच टंकलिखित पत्र होते, आणि त्यातही दोन्ही विजयांत १ हाच आकडा होता. मी त्याला एवढेच कळवले की, १९३० मध्ये बॉनेटवर कोणता क्रमांक होता ते विक्रेत्याला विचार आणि जाताना खिशात दोन सुती बोल्ट ठेव. पहिला प्रश्न ऐकल्यावर अ‍ॅमीटर नुकताच दुसऱ्या कोणाला विकला गेल्याचे त्याला सांगण्यात आले.