हॉल अँड ओट्स: सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी?

डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या अमेरिकन गायक जोडीला नीट ऐकायचं ठरवलं की पहिली अडचण पसाऱ्याची येते. १९७२ पासूनचे डझनभराहून जास्त स्टुडिओ अल्बम, आणि 'मॅनईटर' हे गाणं कशात, 'सारा स्माइल' कशात याचा पत्ता नाही. नव्या माणसाने विचार करावा असे पर्याय माझ्या मते तीनच आहेत: १९७३ चा 'अबॅन्डन्ड लंचनेट', १९८१ चा 'प्रायव्हेट आईज' आणि निवडक गाण्यांचा १९८३ चा 'रॉक अँड सोल पार्ट १'. माझा कौल पहिल्याला आहे. त्याचं कारण फिलाडेल्फियात सापडतं.

१९६७ साली तिथल्या अॅडेल्फी बॉलरूममध्ये एका कार्यक्रमात हॉलचा टेम्पटोन्स आणि ओट्सचा मास्टर्स असे दोन गट गाणार होते. अचानक टोळ्यांची मारामारी जुंपली, गोळ्या सुटल्या, आणि जीव वाचवायला पळालेली ही दोन पोरं एकाच लिफ्टमध्ये शिरली. बोलता बोलता कळलं की दोघंही टेम्पल विद्यापीठातच शिकतात. ते शहर तेव्हा सोल संगीताने, म्हणजे चर्चमधल्या गाण्यातून निघालेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावपूर्ण गायकीने, भारलेलं होतं, आणि हॉलचा गळा कृष्णवर्णीय गायकांच्या संगतीत घडला. पुढे रेडिओवर गाजलेल्या प्रत्येक गाण्याखाली हे शहर आहे. ते ऐकू आलं नाही तर ही जोडी नुसती गोड चालींची वाटते, आणि हा तिच्यावर मोठा अन्याय आहे.

'अबॅन्डन्ड लंचनेट'मध्ये ते शहर उघडपणे ऐकू येतं. निर्माता अरिफ मार्डिन, म्हणजे सोल गायिका अरेथा फ्रँकलिनच्या रेकॉर्डिंगवर काम केलेला माणूस. ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी. मुखपृष्ठावर हॉलच्या पॉट्सटाउन गावाजवळचं एक ओसाड पडलेलं जेवणघर. आणि आत 'शीज गॉन'. ओट्सला नववर्षाच्या आदल्या रात्री एका मुलीने ताटकळत ठेवलं होतं, हॉलचा संसार मोडत होता. दोघांची दुःखं मिळून हे गाणं झालं. कडव्यात ओट्स खालच्या सप्तकात आणि हॉल वरच्या सप्तकात एकच चाल गातात, आणि शेवटाकडे पट्टी पायरी पायरीने वर चढत जाते. ती चढण सुरू झाली की मला आजही हातातलं काम ठेवावं लागतं.

गंमत म्हणजे हे गाणं आधी चाललंच नाही. १९७४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते साठाव्या क्रमांकावर अडकलं. त्याच वर्षी टवारेस या गटाने ते गायलं आणि आर अँड बीच्या, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. १९७६ मध्ये 'सारा स्माइल' चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, तेव्हा कुठे मूळ 'शीज गॉन' पुन्हा बाजारात आलं आणि सातवं ठरलं.

उणीवही सांगायला हवी. हा अल्बम एकजिनसी नाही. अकूस्टिक गिटारची लोकसंगीताकडे झुकणारी गाणी, मध्येच सोल, आणि शेवटचं गाणं सात मिनिटांच्या घरात जाणारं. नाचायला किंवा गाडीत लावायला हवा असेल तर हा घेऊ नका. ओट्सच्या आवाजात पूर्ण गाणी ऐकायची असतील तर मात्र याच्याइतकी चांगली जागा नाही. पुढच्या हिट गाण्यांत तो बहुतेक वेळा साथीलाच उरतो.

'प्रायव्हेट आईज' न्यूयॉर्कचा. मधल्या काळात रेकॉर्ड कंपनी बदलली होती, १९७७ मध्ये 'रिच गर्ल' पहिलं आलं होतं, आणि मग तीन वर्षं मोठं यश हुलकावणी देत होतं. १९८० च्या 'व्हॉइसेस' अल्बमपासून दोघांनी निर्मिती स्वतःच्या हातात घेतली आणि चित्र पालटलं. 'प्रायव्हेट आईज'मध्ये त्या बदलाचं फळ दिसतं: वाद्यं कमी, ठेका कोरडा, एकही सूर जास्तीचा नाही. 'आय कान्ट गो फॉर दॅट' मुख्य यादीतही पहिलं आलं आणि आर अँड बीच्या यादीतही, आणि गोऱ्या गायकांसाठी ही फार दुर्मीळ गोष्ट. शब्द प्रेमातल्या नकारासारखे वाटतात, पण हॉलच्या सांगण्याप्रमाणे तो नकार संगीताच्या धंद्यातल्या माणसांना आहे. ड्रम मशीनवरचा तो ठेका १९८९ मध्ये डी ला सोल या गटाने आपल्या रॅपखाली घेतला. हेडफोन लावून फक्त बेसकडे लक्ष देऊन हे गाणं एकदा ऐकाच. अल्बमचा उरलेला भाग मात्र या उंचीवर टिकत नाही, दोन-तीन गाणी नुसती भरतीची आहेत.

राहिला संग्रह. 'रॉक अँड सोल पार्ट १'मध्ये बारा गाणी आहेत आणि जोडीच्या पहिल्या क्रमांकावर गेलेल्या सहा गाण्यांपैकी पाच यात मिळतात. सहावं, 'आउट ऑफ टच', १९८४ चं. पार्टीसाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी उत्तम. माझी तक्रार एवढीच की हिटमागून हिट आल्याने कान लवकर भरतो आणि 'शीज गॉन'सुद्धा त्या गर्दीतलं एक होऊन जातं. शिवाय 'एव्हरीटाइम यू गो अवे' यात नाही. ब्रिटिश गायक पॉल यंगने १९८५ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर नेलं, म्हणून पुष्कळांना ते त्याचंच वाटतं. हॉलने गायलेलं संथ, चर्चमधल्या भजनासारखं मूळ गाणं 'व्हॉइसेस'वर आहे.

तेव्हा आवाजासाठी ऐकणाऱ्याने १९७३ चा अल्बम घ्यावा, ठेक्यासाठी ऐकणाऱ्याने १९८१ चा. वेळच नसेल तर संग्रह. दोघांना एकत्र मंचावर ऐकण्याची आशा मात्र धरू नका: २०२३ मध्ये भागीदारीतला हिस्सा विकण्यावरून हॉलने ओट्सला कोर्टात खेचलं. थेट मैफल हवीच असेल तर १९८५ चं अपोलो थिएटरचं रेकॉर्डिंग आहे. त्यात टेम्प्टेशन्स या सोल गटाचे डेव्हिड रफिन आणि एडी केन्ड्रिक्स, म्हणजे हॉलने ज्यांना ऐकून गाणं उचललं तेच, त्याच्या शेजारी उभे राहून गातात.